पुस्तकाचा पत्ता

आमच्या शाळेत ग्रंथालय होते असे म्हणणे जितके खरे, तितकेच ते नव्हते असे म्हणणेही खरे. मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तीत चार लाकडी कपाटे होती आणि कपाटांच्या किल्ल्या एका वयस्क गुरुजींच्या कनवटीला असत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावची ही शाळा. गाव आणि शाळा यांचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण अशा शाळा आपल्या जिल्ह्यात एक नाही, अनेक होत्या.

गुरुजींना प्रत्येक पुस्तक तोंडपाठ. "गुरुजी, शिकारीच्या गोष्टीचं पुस्तक पायजे," असे म्हटले की ते क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "तिसरं कपाट, खालून दुसरा खण, निळ्या पुठ्ठ्याचं." पुस्तक तिथेच असे. आम्हां पोरांना तो जादूचा खेळ वाटे. मी आठवीत होतो त्या वर्षी गुरुजी सेवानिवृत्त झाले. किल्ल्या दुसऱ्या शिक्षकांकडे आल्या. कपाटे तीच होती, पुस्तकेही तीच. एकही चोरीला गेले नव्हते. पण पुस्तक काही सापडेना. "नाही सापडत रे बावा, पुढच्या हप्त्यात ये," हे तीनचारदा ऐकले आणि आम्ही जाणेच सोडून दिले. खरे ग्रंथालय गुरुजींच्या डोक्यात होते, ते त्यांच्याबरोबर घरी गेले.

नोंद नव्हती असे मात्र नाही. दाखल रजिस्टर होते आणि ते उत्तम ठेवलेले होते. पुस्तक कोणत्या तारखेला आले, कोणत्या दुकानातून आले, किंमत काय, पाने किती, सगळे सुवाच्य अक्षरांत. तपासणीला साहेब आले की तेच रजिस्टर पुढे होई आणि साहेब खूश होऊन सही करीत. ते चूक नव्हते. सरकारी पैशाचा हिशेब हवाच. पण ती हिशेबाची वही होती. एखाद्या मुलाला कापसाविषयी वाचायचे असेल, तर त्याने ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, एवढीच सोय तीत होती.

पुस्तक आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट बुजली आहे, ही गोष्ट आमच्या वऱ्हाडाला नवी नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या शिष्यांनी मराठीत लिहायला सुरुवात केली. म्हाइंभटांनी रिद्धपूरला बसून, स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना विचारून विचारून, आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांच्या स्मरणावरून पाठ पुन्हा बांधावे लागले, असे पंथाची परंपरा सांगते. नंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. 'सकळ लिपी' ही त्यांतली प्रसिद्ध. ज्याला संकेत ठाऊक त्यालाच पोथी वाचता येई. ग्रंथ सुरक्षित राहिले खरे, पण शेकडो वर्षे बाकीच्या महाराष्ट्राला त्यांचा पत्ताच नव्हता. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ज्ञानेश्वरीपासून आरंभ करीत, आणि ज्ञानेश्वरीच्याही आधीचे मराठी गद्य मठांतल्या बासनांत गुंडाळलेले पडून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी त्या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे दार उघडले.

दार उघडल्यावर आत काय आहे याची नीट ओळख करून देणाऱ्यांत एक गृहस्थ आपल्या यवतमाळचे होते. यशवंत खुशाल देशपांडे, व्यवसायाने वकील. त्यांनी महानुभावांच्या ग्रंथांचा शोध घेतला, यवतमाळला 'शारदाश्रम' ही संशोधनसंस्था उभी केली आणि १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रंथकार कोण, त्यांचे ग्रंथ कोणते, हे त्यात सांगितले आहे. एका अर्थी ती हरवलेल्या ग्रंथालयाची यादीच. पुण्यामुंबईत नव्हे, यवतमाळात छापलेली.

आता माझी फजिती सांगतो. एम. ए.ला असताना आमच्या प्राध्यापकांनी हे पुस्तक पाहायला सांगितले. मी नागपूरला गेलो. तेथे एका मोठ्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा कार्डांची पेटी पाहिली. लहान लहान लाकडी खण, खणात पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान कार्डे, आणि कार्डे कोणी उपटून नेऊ नयेत म्हणून खालच्या भोकातून ओवलेली लोखंडी सळई. 'द' चा खण ओढला, देशपांडे सापडले, कोपऱ्यात लिहिलेला आकडा कागदावर उतरवून दिला आणि पाच मिनिटांत पुस्तक हातात आले. मला आमच्या गुरुजींची आठवण झाली. इथे कोणी डोळे मिटले नव्हते, तरी जादू तीच.

पुढे किती वर्षांनी, मी स्वतः शिकवायला लागल्यावर, आमच्या जुन्या शाळेने एका कार्यक्रमाला बोलावले. ग्रंथालयाच्या खोलीला चुना मारायचा म्हणून कपाटे रिकामी करून पुस्तके ओसरीवर काढून ठेवली होती. चाळता चाळता 'हरिविजय' आणि 'शिवलीलामृत' यांच्यामध्ये एक जुने पुस्तक निघाले. 'महानुभावीय मराठी वाङ्मय'! रजिस्टर काढून पाहिले, तर विषयाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'धार्मिक'. पुस्तकाची काही पाने अजून कापलेलीही नव्हती, म्हणजे शाळेत आल्यापासून ते कोणी वाचलेच नव्हते. ज्याच्यासाठी मी नागपूरची वारी केली ते पुस्तक, मी ज्या बाकावर बसून शिकलो त्यापासून वीस पावलांवर होते.

गुरुजींना किंवा रजिस्टर लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. अडचण खरीच होती. पुस्तक वस्तू म्हणून एकच असते, त्याला कपाटात एकच जागा मिळते. त्याचे विषय मात्र दोनतीन असू शकतात. देशपांडे यांचे पुस्तक पंथाविषयी आहे की वाङ्मयाविषयी? लीळाचरित्र हे चरित्र, की धर्मग्रंथ, की गद्याचा नमुना? ज्ञानेश्वरी गीतेची टीका म्हणून ठेवावी की मराठी काव्य म्हणून? कुठेतरी एका ठिकाणी ठेवावे तर लागणारच. मग दुसऱ्या वाटेने येणाऱ्या वाचकाने काय करायचे?

ह्या प्रश्नाशी जगातली मोठमोठी ग्रंथालये झगडली आहेत. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, मठांची आणि सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली आणि पुस्तकांचे डोंगर पडले. यादी करायची तर वहीत मध्येच नवे नाव घालता येत नाही. १७९१ साली सरकारने युक्ती काढली. खेळायच्या पत्त्यांची पाठ त्या काळी कोरी असे; एका पत्त्यावर एक पुस्तक लिहायचे आणि पत्ते पिसण्याऐवजी अक्षरांप्रमाणे लावायचे. नवे पुस्तक आले की नवा पत्ता मध्ये सरकवला. कार्डांच्या यादीचा उगम असा राजा-राणी-गुलामाच्या पाठीवर आहे.

कार्ड झाले, पण कार्डावर जागा कोणती लिहायची? पूर्वी बहुतेक ठिकाणी आमच्या गुरुजींसारखेच होते: अमुक कपाट, अमुक खण, अमुक क्रमांक. कपाट हलले किंवा खण भरला की सगळे आकडे खोटे. अमेरिकेत ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा मेलव्हिल ड्यूई नावाचा एक तरुण ह्याच कटकटीला कंटाळला होता. रविवारी देवळात लांबलचक प्रवचन चालू असताना आपल्याला उपाय सुचला, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. (प्रवचनांचा हाही एक उपयोग.) आकडा फळीला द्यायचा नाही, विषयाला द्यायचा. घर बदलले म्हणून माणसाचे आडनाव बदलत नाही, तसे कपाट बदलले तरी पुस्तकाचा आकडा बदलायचा नाही. १८७६ साली त्याने चव्वेचाळीस पानांची पुस्तिका छापली, तीही स्वतःचे नाव न घालता. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा, आणि त्यापुढे दशांशचिन्ह देऊन हवे तितके पोटभाग.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. ६०० म्हणजे उपयोजित शास्त्रे, ६३० म्हणजे शेती, ६३३ म्हणजे शेतातली पिके, ६३३.५ म्हणजे तंतू देणारी पिके आणि ६३३.५१ म्हणजे कापूस. जगात कोठेही, ज्या ग्रंथालयात ही पद्धत आहे तेथे, ६३३.५१ जवळ उभे राहा, कापसाच्या लागवडीची पुस्तके समोर. शिक्षकांनी एक सावधगिरी घ्यावी. मुले ६३३.५१ हे ६३३.९ च्या पुढे लावतात, कारण एक्कावन्न नवापेक्षा मोठे! गणिताच्या तासाला जी चूक होते तीच फळीवर होते, आणि फळीवर ती चटकन डोळ्यांना दिसते. दशांश शिकवायला पुस्तकांसारखे साधन नाही.

आता कापूस एवढ्यावर थांबत नाही. सूत कातणे आणि विणणे हे कारखानदारीत, ६७७ मध्ये. कापसाच्या उत्पादनाचे अर्थशास्त्र ३३८ मध्ये. फवारणीची औषधे ६३२.९५ मध्ये. म्हणजे फळीवर कापूस चार ठिकाणी विखुरला. ह्यासाठीच कार्ड लागते. पुस्तक एका जागी राहते, पण त्याची कार्डे तीन असू शकतात, पाचही असू शकतात: एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे आणि बाकीची विषयांची. 'कापूस' ह्या नावाखाली सगळी कार्डे एकत्र लावली, की मुलाला चारही ठिकाणे कळतात. आकड्याखाली लेखकाच्या नावाची पहिली अक्षरे लिहितात, म्हणजे एकाच विषयाची दहा पुस्तके असली तरी नेमके कोणते ते कळावे. हा विषयाचा आकडा आणि ही अक्षरे मिळून जे होते त्याला ग्रंथालयवाले बोधांक म्हणतात. मी मुलांना सांगताना 'पुस्तकाचा पत्ता' म्हणतो.

ड्यूईची पद्धत निर्दोष नाही. धर्माच्या दोनशेच्या वर्गात त्याने बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि बाकीच्या साऱ्या जगाला २९० मध्ये दाटीवाटीने बसवले. गीता शोधायची तर २९४.५९२४ पर्यंत जावे लागते आणि सगळे मराठी साहित्य ८९१.४६ ह्या एका फटीत. माणूस म्हणूनही तो वादाचा विषय आहे. त्याच्या वर्तनामुळे २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकाला दिलेले त्याचे नाव काढून टाकण्याचा निर्णय घेतला. पण नांगराचा फाळ कोणी केला याची चौकशी करून आपण नांगरणी थांबवत नाही.

आपल्या देशात ह्या व्यवस्थेची पहिली मोठी हालचाल एका मराठी राजाच्या दरबारात झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाणे गावचा शेतकरी मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. ते सयाजीराव गायकवाड. सक्तीचे शिक्षण सुरू केल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते. म्हणून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन ह्या ग्रंथपालांना बोलावले. बोर्डननी बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत केली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे खाते सांभाळले. तेथून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीलाही जागा होती. ड्यूईची पद्धत शिकवणारे डिकिन्सन १९१५ साली लाहोरला आले, ते त्यानंतर.

मग मद्रासचे रंगनाथन. मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला विलायतेला गेले. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की वस्तू बदलते. विषयांचेही असेच तुकडे करून हवे तसे जोडता येतील, ह्या विचारातून त्यांची द्विबिंदू पद्धत निघाली. तिचे पुस्तक १९३३ सालचे. कापूस, कापसाचा रोग, त्यावरचा उपाय, यवतमाळ जिल्हा, असे तुकडे जोडून एक आकडा. पद्धत अभ्यासकांना फार आवडली. लहान शाळेला ती जड जाते, असे माझे मत आहे. परंतु रंगनाथन नुसते आकड्यांत रमणारे नव्हते. १९३१ साली तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीला बैलगाडीवरचे ग्रंथालय सुरू झाले, त्या चळवळीमागे त्यांची प्रेरणा होती. वाचकाचा वेळ वाचवणे हे त्यांनी ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी एक मानले. आठवीतल्या मुलाला चार वेळा 'पुढच्या हप्त्यात ये' सांगणे ह्या सूत्राविरुद्ध होय.

मराठी पुस्तकांची कार्डे करताना काही गमतीच्या अडचणी येतात, त्या शिक्षकांसाठी सांगतो. शिरवाडकर शोधायचे की कुसुमाग्रज? केशवसुत की दामले? लोकहितवादी की देशमुख? एक नाव पक्के करायचे आणि दुसऱ्या नावाचे कार्ड करून त्यावर फक्त 'अमुक पाहा' एवढे लिहायचे. संतांना आडनाव लावायचे नाही. तुकाराम 'त' मध्येच बरे. बाराखडीच्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ शेवटी असतात, शब्दकोशात मात्र 'क' आणि 'ज' मध्ये. दोहोंपैकी एक काहीतरी ठरवून खोलीच्या भिंतीवर लिहून टाकावे. गावांचेही तसेच. आपल्या जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होते. इंग्रजी कागदांत ते 'वून' असे येते. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये 'यवतमाळ जिल्हा' शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परत जाईल. 'वणी जिल्हा: यवतमाळ जिल्हा पाहा' आणि उलट, अशी दोन कार्डे केली की झाले.

ही नावांची शिस्त मराठीत मोठ्या प्रमाणावर एका माणसाने लावली. शंकर गणेश दाते. त्यांची १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली निघाली आणि १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ साली. कार्ड करताना लेखकाच्या नावाविषयी शंका आली, तर दाते उघडावेत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसली; शाळेचे कपाट मात्र शाळेच्याच हवाली राहिले.

चुना मारून झाल्यावर आम्ही काय केले ते सांगतो. शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने हे काम अंगावर घेतले, मी रविवारी जात असे. कार्डे विकत आणायला पैसे नव्हते. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून पाच इंच लांब, तीन इंच रुंद पत्ते केले. जोड्यांचे खोके हे आमचे खण. एका बाजूला पुस्तकाचा पत्ता, दुसऱ्या बाजूला 'श्रीगजाननप्रसन्न' आणि वधूवरांची नावे. संगणकावर हे सर्व होते हे आम्हांला ठाऊक आहे. राष्ट्रीय सूचना केंद्राची 'ई-ग्रंथालय' नावाची प्रणाली आहे, आणि अमेरिकेतल्या ज्या संस्थेने जगभर कार्डे छापून पुरवली तिनेही २०१५ साली छपाई बंद केली. पण वीज गेली तरी खोका उघडतो, आणि आज कार्डावर लिहिलेला आकडा उद्या संगणकात तसाच जातो.

पुस्तके लावताना तळाच्या खणात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'इतर'. सोडून पाहिला, तर शेतीच्या पत्रिका होत्या. त्यांत औषध फवारताना वाऱ्याची दिशा कशी पाहावी, तोंडाला काय बांधावे, अंगावर औषध पडले तर काय करावे, हे चित्रांसह दिलेले. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण सारे जाणतो. पत्रिका वाचली असती तर ती माणसे वाचली असती, असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. त्याची कारणे पुष्कळ होती. पण गठ्ठा सुतळीत होता, हे खरे. शिक्षिकाबाईंनी त्या दिवशी दुसरे काही केले नाही. 'फवारणी', 'कापूस', 'विषबाधा' आणि 'प्रथमोपचार' अशी चार कार्डे एकेका पत्रिकेची केली आणि गठ्ठा ६३२.९५ वर उभा केला.

देशपांडे यांच्या पुस्तकाचा निर्णय करायला आम्हांला एक अख्खी दुपार लागली. बाई म्हणाल्या, पंथ म्हणून २९४.५५. मी म्हणालो, वाङ्मयाचा इतिहास म्हणून ८९१.४६०९. अखेर ते साहित्यात ठेवले, कारण शोधणारा तिकडून येण्याचा संभव अधिक; आणि पंथाच्या नावाने, 'सकळ लिपी'च्या नावाने आणि 'यवतमाळ' ह्या नावानेही कार्डे केली. न कापलेली पाने बाईंनी पट्टीने सावकाश कापली.

सुमारे तीनशे पुस्तके अजून राहिली आहेत. पत्ते संपले. तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली की पत्रिका येतील, तोवर रजिस्टरावरून विषय ठरवून ठेवण्याचे काम नववीच्या मुलांनी घेतले आहे.